खोली नंबर पाच

जुन्या घराची किल्ली देऊन टाकली,
त्याला आज अडतीस दिवस झाले.
नव्या घराची अजून आलेली नाही.
मधे ही खोली, मोरकॅमच्या समुद्रासमोरची, नंबर पाच.
भिंतीवर जहाजाचं चित्र, जरा तिरकं.
मी सरळ करायची, ते पुन्हा तिरकं व्हायचं.
आता नाद सोडलाय. जहाजच ते, कलणारच.

बाकी सगळं लँकेस्टरच्या गोदामात.
खोक्यांवर निळ्या पेनने माझंच अक्षर :
'स्वयंपाकघर, जड', 'हिवाळा', 'ऋजुता, शाळा'.
आणि गडबडीत काहीच न लिहिलेलं एक खोकं,
त्यात देव.
अन्नपूर्णा, बाळकृष्ण, सासूबाईंनी दिलेला टाक,
जुन्या टॉवेलात गुंडाळलेले.
"गुदमरत नसेल त्यांना?" ऋजुता विचारते.
म्हटलं, चार-चार महिने झोपायची सवय आहे त्यांना.
म्हटलं खरं. रात्री मात्र तो टॉवेल आठवत राहतो,
धुतलेला होता ना?

उदबत्तीला इथे बंदी, छताला धुराची घंटा.
मिसेस एन्ट्विसलनी न मागता
सेलवरची मेणबत्ती आणून दिली, नाताळातली.
दिवेलागणीला ऋजुता तिचं बटण दाबते
आणि त्या थरथरत्या प्लास्टिकसमोर
आम्ही दोघी परवचा म्हणतो.
पाढे तेराच्या पुढे अडतात.

घरांची साखळी असते म्हणे इथे.
आम्ही ज्यांचं घेणार, त्यांना दुसऱ्यांचं मिळायचंय,
दुसऱ्यांना तिसऱ्यांचं,
आणि पार शेवटच्या कडीला, कार्लाइलजवळ,
ब्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ.
ते म्हणतात, झाडाला सफरचंदं आहेत अजून,
उतरवली की निघतो.
वकिलाने हे कळवलं तेव्हा मी फोन आपटला,
गादीवरच, फोन महागाचा आहे.
एका म्हाताऱ्याच्या सफरचंदांपायी सहा कुटुंबं टांगणीला!
मग तरातरा निघाले ती जिन्यातच थांबले.
किर्लोस्करवाडीचं क्वार्टर सोडलं तेव्हा
ट्रक दारात गुरगुरत होता
आणि बाबा मागे शेवग्याला पाणी घालत होते.
आम्ही सगळे हाका मारत होतो.
सगळ्यात मोठ्याने मी.

उतरवू देत. एकेक करून.

एक गोष्ट मात्र गोदामात जाऊ दिली नाही :
वाटीभर विरजण.
ब्लॅकबर्नच्या हलीमाबेननी दिलेलं, अकरा वर्षांपूर्वी.
प्रेस्टनहून इथवर मांडीवर आणलं,
प्रत्येक वळणावर झाकणावर हात.
गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात,
पाहुण्यांच्या टॉवेलांच्या घड्यांमधे
रात्री भांडं ठेवते.
उघडून बघायचं नाही, हलवायचं नाही,
आईने एवढंच शिकवलं.
उपासतापास तीही करायची नाही.
सकाळी कवडीसारखं दही.
मिसेस एन्ट्विसल त्यावर रासबेरीचा जॅम घालून खातात,
मी तेवढ्यापुरती खिडकीबाहेर बघते.
परवा रिकामी वाटी पुढे करून म्हणाल्या,
"ह्याचं बी देशील मला? तू जाशील ना आता."
मी जाणार, हे त्यांना माझ्याआधी पटलंय.

समुद्र इथे कितीतरी लांब मागे जातो,
नुसता चिखल, आणि चिखलात आकाश.
पहिल्या दिवशी ऋजुता घाबरली होती, गेलाच म्हणाली.
आता खालच्या फळ्यावरची वेळ वाचून येते,
मोजे काढून तयार बसते :
"सहा एक्केचाळीस. येतोय."
आणि येतो. मग ती अशी ओरडते,
जणू तिनेच बोलावून आणलाय.

आज वकिलाचं पत्र : 'बहुधा शुक्रवारी.'
कुठल्या शुक्रवारी, ते लिहिलेलं नाही.
दूध कोमट झालंय वाटतं.
करंगळी बुडवून बघते.